खांदे ३७ सेंटिमीटर, हँडल किती?

वाचकाचे पत्र: मी १९ वर्षांची आहे आणि राज्य पातळीवर ट्रॅक सायकलिंग करते. स्प्रिंट आणि किरिन (वेग ठरवणाऱ्या गाडीमागून सुरू होऊन शेवटी सगळ्यांची एकत्र स्प्रिंट होते ती शर्यत) हे माझे मुख्य प्रकार असून टीम स्प्रिंटमध्ये पहिल्या क्रमांकावर मी सुटते. फ्लाइंग २०० मीटरची, म्हणजे आधी वेग घेऊन मग मोजल्या जाणाऱ्या २०० मीटरची, माझी सर्वोत्तम वेळ १२.४ सेकंद आहे. सध्या सायकलला ४० सेंटिमीटरचे जुने स्टीलचे हँडल आहे. संघातील मैत्रिणीने ३३ चे कार्बन हँडल घेतले आणि तिची २०० मीटरची वेळ सुधारली. आमचे कोच म्हणतात, हँडल खांद्यांच्या रुंदीइतकेच असावे. माझे खांदे ३७ सेंटिमीटर भरतात. घरची परिस्थिती पाहता नवे हँडल एकदाच घेता येईल. ३३ घेऊ, ३५ घेऊ की ३७? – एक सायकलपटू, सांगली

उत्तर:

तुमच्या पत्रात उत्तरासाठी लागणारी जवळजवळ सगळी माहिती आहे आणि ‘टीम स्प्रिंटमध्ये पहिल्या क्रमांकावर मी सुटते’ हे वाक्य त्यात सर्वांत महत्त्वाचे आहे. त्याकडे मी येणारच आहे, पण त्याआधी ‘३३’ हा आकडा नेमका कशाचा, हे पाहिले पाहिजे, कारण हँडल विकत घेताना सर्वाधिक फसगत इथेच होते.

हँडलची रुंदी दोन प्रकारे सांगितली जाते. काही उत्पादक एका बाजूच्या नळीच्या मध्यापासून दुसऱ्या बाजूच्या नळीच्या मध्यापर्यंत मोजतात, तर काही बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. स्टीलच्या स्प्रिंट हँडलची नळी पकडीच्या जागी साधारण २२ मिलिमीटर जाड असते आणि अॅल्युमिनियमची त्याहून थोडी जास्त, साधारण २४ मिलिमीटर. म्हणजे मध्य ते मध्य ३३ सेंटिमीटर असलेले हँडल बाहेरून मोजल्यावर ३५.२ ते ३५.४ भरते, आणि बाहेरून ३३ असलेले हँडल मध्य ते मध्य जेमतेम ३१ चे असते. ही दोन पूर्णपणे वेगळी हँडले आहेत, पण दोन्हींच्या खोक्यावर ३३ असेच छापलेले असू शकते.

याला नियमाचीही बाजू आहे. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने, म्हणजे यूसीआयने, २०२३ पासून हँडलच्या एकूण रुंदीला ३५० मिलिमीटरची किमान मर्यादा घातली आहे आणि ही रुंदी बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजली जाते. रस्त्यावरील सामूहिक शर्यतींसाठी हीच मर्यादा २०२६ पासून ४०० मिलिमीटरवर नेण्यात आली. नियमांचा कल रुंदीकडे आहे, हे त्यावरून स्पष्ट दिसते, आणि एकदाच खरेदी करू शकणाऱ्या खेळाडूने या कलाकडे दुर्लक्ष करू नये. तुमच्या मैत्रिणीचे हँडल मध्य ते मध्य ३३ असेल तर ते मर्यादेच्या दोन-चार मिलिमीटर आत बसते. बाहेरून ३३ असेल तर ते तपासणीच्या मापात नापास होईल. स्पर्धेच्या सकाळी तपासणीच्या टेबलावर हे कळण्यापेक्षा आज घरच्या मापपट्टीवर कळलेले बरे, तेव्हा हे तिलाही जरूर सांगा. त्या वर्षीची नियमावली काय म्हणते, हे स्पर्धेच्या पंचांकडून विचारून घेण्यात कोणताही कमीपणा नाही.

मोजताना आणखी एक काळजी घ्या. पुष्कळ हँडले वर अरुंद आणि खाली ड्रॉपच्या, म्हणजे खाली वळलेल्या भागाच्या, टोकांशी रुंद असतात. स्प्रिंटमध्ये तुमचे हात सतत खाली असतात, म्हणून तुमच्या कामाचे माप ड्रॉपवर, तळहात जिथे बसतो त्याच ठिकाणी घेतलेले असले पाहिजे. तुमचे ‘४०’ हेही याच पद्धतीने पुन्हा मोजून पाहा. खांद्यांचे मापसुद्धा दंडांच्या बाहेरून न घेता, खांद्यावर बोट फिरवल्यावर जे हाडाचे टोक लागते त्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, भिंतीला पाठ लावून, दुसऱ्या कोणाकडून घ्यायचे असते. तुमचे ३७ असेच घेतलेले आहे असे मी धरून चालतो. यापुढे मी जी मापे लिहितो, ती सगळी मध्य ते मध्य आहेत.

आता अरुंद हँडलाच्या फायद्याकडे येऊ. हा फायदा खरा आहे आणि तुमच्या मैत्रिणीची वेळ सुधारण्यात त्याचा वाटा असू शकतो. सपाट ट्रॅकवर पूर्ण वेगात असताना सायकलपटूची बहुतेक सगळी शक्ती हवेला बाजूला सारण्यात खर्च होते आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली हॅरी लाव्हरायसेनने फ्लाइंग २०० मीटर ९.०८८ सेकंदांत पार केले, म्हणजे ताशी ७९ किलोमीटरहून अधिक सरासरी वेग. त्या वेगाला समोरून दिसणाऱ्या शरीरातला प्रत्येक चौरस सेंटिमीटर महाग पडतो. तुमची १२.४ सेकंदांची वेळ म्हणजे ताशी सुमारे ५८ किलोमीटर. तिथेही हवाच मुख्य प्रतिस्पर्धी आहे, पण तिची किंमत थोडी कमी आहे.

ही किंमत आकड्यांत मांडून पाहू. समजा, हँडल बदलल्यामुळे तुमचा हवेचा अडथळा दोन टक्क्यांनी कमी झाला. तेवढ्याच शक्तीत वेग साधारण पाऊण टक्क्याहून किंचित कमी वाढेल आणि १२.४ सेकंदांतून सुमारे आठ शतांश सेकंद वाचतील. पात्रता फेरीत आठ शतांशांनी क्रमवारी बदलते, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण यातला ‘समजा’ महत्त्वाचा आहे. अडथळा कमी होतो तो हँडल अरुंद झाल्याने नव्हे. हँडल अरुंद झाल्यामुळे कोपर आत आले, खांदे कानांकडे आक्रसले आणि डोके त्यांच्यामध्ये खाली बसले, तर होतो. हँडल ३३ चे असूनही कोपर बाहेर फाकलेले अनेक खेळाडू मी पाहिले आहेत. हात आत आणि कोपर बाहेर असे झाले की समोरून दिसणारी आकृती कमी होत नाहीच, उलट बगलेखाली हवा भरणारी एक पोकळी तयार होते आणि छातीही आवळली जाते.

ज्यांच्या खांद्यांची हालचाल मोकळी नाही, त्यांच्याबाबतीत हे हमखास घडते. तुमचे काय होते ते पाहण्याचा सोपा मार्ग आहे. सायकल ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवण्याच्या स्टँडवर, किंवा दोघांनी धरून उभी करा, पुढून आठ-दहा मीटरवर, चाकाच्या आसाच्या उंचीवर मोबाइल स्टँडवर ठेवा आणि झूम करून पूर्ण स्प्रिंटच्या पवित्र्यात तुमचा फोटो काढा. मग हँडल न बदलता, फक्त कोपर आत घेऊन आणि हनुवटी स्टेमकडे (हँडल सायकलला जोडणाऱ्या दांड्याकडे) नेऊन दुसरा फोटो काढा. दोन्ही फोटो एकाच मापात छापून आकृतीची कडा आलेख कागदावर गिरवा आणि आतले चौकोन मोजा. समोरून दिसणारे क्षेत्रफळ म्हणजेच हवेचा अडथळा असे नसले, तरी दिशा कळायला ते पुरेसे असते. ४० च्या हँडलवरच कोपर आत घेऊन किती चौकोन कमी झाले, हे पाहिल्यावर तुम्हाला आश्चर्य वाटेल असा माझा अंदाज आहे. तो फायदा फुकटचा आहे आणि कोणत्याही खरेदीच्या आधी तो पदरात पाडून घ्यायचा आहे.

घड्याळावर मात्र या चाचणीसाठी विसंबू नका. हाताने दाबलेल्या घड्याळात एक-दोन दशांशांचा फरक सहज पडतो आणि आपण शोधतो आहोत तो फरक आठ शतांशांचा. बालेवाडीसारख्या उघड्या सिमेंटच्या ट्रॅकवर एक वाऱ्याची झुळूक याहून मोठा फरक करून जाते. मैत्रिणीची वेळ नव्या हँडलानंतर सुधारली हे खरे असले, तरी त्या दिवशीचा वारा, तापमान, टायरमधली हवा आणि नव्या वस्तूने आलेला उत्साह यांचा वाटा वेगळा काढता आलेला नाही. हे मी तिच्या मेहनतीला कमी लेखण्यासाठी सांगत नाही. तुम्ही तिच्या निकालावरून स्वतःचे पैसे खर्च करू नयेत म्हणून सांगतो.

आता तुमच्या सुटण्याकडे वळू. टीम स्प्रिंटमध्ये पहिल्या क्रमांकावर सुटणाऱ्या खेळाडूचे काम संघातील इतरांहून वेगळे असते. उभ्या सायकलवरून, एकाच जड गिअरवर, पहिली चार-पाच पेडल मारताना तुम्ही अक्षरशः सगळ्या अंगाचे वजन आणि त्याहून जास्त जोर एका पायावर टाकता. हे पेडल सायकलच्या मध्यरेषेवर नसते, एका बाजूला असते. त्यामुळे प्रत्येक दाबासरशी सायकल त्या बाजूला कलंडू पाहते आणि तिला सरळ ठेवण्याचे काम हात करतात, एका हाताने ओढून आणि दुसऱ्याने दाबून. हातांमधले अंतर ही इथे तरफ असते. पायाचा जोर तेवढाच राहिला आणि अंतर ४० वरून ३७ वर आले, तर हातांना सुमारे आठ टक्के जास्त जोर लावावा लागेल. ३५ वर आले तर चौदा टक्के आणि ३३ वर आले तर एकवीस टक्के. हा हिशेब ढोबळ आहे, कारण शरीर सायकलला थोडे कलू देऊन काही जोर स्वतः पचवते, पण प्रमाण साधारण असेच राहते.

पायांत जोर आहे पण हातांना तो धरून ठेवता येत नाही, असे झाले की पाय आपोआप जोर राखून दाबतात. खेळाडूला स्वतःला हे कळतही नाही. बाहेरून मात्र दिसते. होल्डरने, म्हणजे सुटेपर्यंत सायकल धरून ठेवणाऱ्याने, सीट सोडली की पहिल्या तीन पेडलांत पुढच्या चाकाकडे पाहावे. मजबूत सुरुवातीत चाक ट्रॅकवरील काळ्या रेषेच्या जवळजवळ समांतर धावते. तरफ अपुरी पडली की ते डावी-उजवीकडे नागमोडी जाते आणि प्रत्येक वळसा म्हणजे वाया गेलेला जोर असतो. मागच्या दोघींना तुमच्या चाकामागे चिकटून राहायचे असते, म्हणून तुमचे चाक नागमोडी गेले तर त्यांचीही लय बिघडते. फ्लाइंग २०० मध्ये मिळवलेले आठ शतांश टीम स्प्रिंटच्या पहिल्या अर्ध्या फेरीत परत द्यावे लागतील, ही शक्यता तुमच्या बाबतीत खरी आहे. मैत्रीण दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकावर सुटत असेल, तर तिच्यासाठी हे गणित वेगळे आहे.

सायकलवरचा ताबाही याच तरफेशी बांधलेला आहे. हँडल अरुंद झाले की हाताच्या तेवढ्याच हालचालीत चाक जास्त वळते. ४० च्या हँडलवर हात एक सेंटिमीटर हलला, तर चाक साधारण २.९ अंश वळते. ३३ वर तोच सेंटिमीटर साडेतीन अंशांजवळ जातो. एकट्याने काढलेल्या फ्लाइंग २०० मध्ये हे सवयीने जुळते. स्प्रिंटच्या सामन्यात मात्र तुम्ही बँकिंगच्या, म्हणजे ट्रॅकच्या वळणावरील उताराच्या, माथ्यावर जवळजवळ उभ्या राहता, तिथून एकदम खाली झेप घेता आणि शेवटच्या २०० मीटरमध्ये काळ्या आणि लाल रेषेमधल्या स्प्रिंटरच्या पट्ट्यात असाल तर तो सोडून प्रतिस्पर्ध्याच्या मार्गात जाता येत नाही. ट्रॅकच्या आतल्या कडेपासून काळी रेषा २० सेंटिमीटरवर आणि लाल रेषा ८५ सेंटिमीटरवर असते, म्हणजे दोन्ही रेषांमध्ये ६५ सेंटिमीटरची जागा. अरुंद हँडलाने त्या जागेत थोडी ऐसपैस वाटते, हे खरे. पण किरिनमध्ये कोपराला कोपर लागले की सायकल सावरायला तरफच कामी येते. किरिनचा जन्म जपानमध्ये १९४८ साली झाला आणि तिथल्या व्यावसायिक शर्यतींत आजही स्टीलची मान्यताप्राप्त हँडले वापरली जातात, निट्टोचे बी-१२३ हे त्यातले प्रसिद्ध. खांद्याला खांदा लावून पळणाऱ्यांना हँडल न लवणारे हवे असते.

म्हणून कार्बनच्या मोहाबद्दल माझे स्पष्ट मत आहे, की तुम्ही स्टीलच घ्यावे. चांगले स्टीलचे हँडल कार्बनपेक्षा पुष्कळ स्वस्त असते, पडल्यावर वाकले तर डोळ्यांना दिसते आणि अनेक वर्षे टिकते. कार्बन पडल्यावर आतून चिरले तर बाहेरून दिसेलच असे नाही. वजनातला फरक अडीचशे-तीनशे ग्रॅमचा असला, तरी तो तुमच्या पायांतल्या ताकदीपुढे फारसा नाही. जुने हँडल कोणाकडून घेणार असाल, तर त्यावर गुंडाळलेली टेप काढून, स्टेमच्या पकडीजवळ नखाने चाचपून पाहा; चीर पडायची ती बहुतेक वेळा तिथेच पडते.

स्टेमची पकड हा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगतो. माझ्या उमेदीच्या काळात मी मोठ्या हौसेने एक जुने, अरुंद हँडल मिळवले. त्याचा मधला भाग २५.४ मिलिमीटरचा होता आणि माझा स्टेम २६.० चा. फरक अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त. ज्या दुकानात ते बसवले, तिथे पत्र्याच्या डब्याची पट्टी कापून फटीत घातली आणि बोल्ट करकचून आवळला. दुसऱ्या दिवशी सरावात सुटताना तिसऱ्याच पेडलला हँडल स्टेममध्ये फिरले, ड्रॉप खाली गेले आणि मी छातीवर स्टेम घेऊन सिमेंटवर आपटलो. गळपट्टीचे हाड मोडले आणि तो हंगाम गेला. चूक दुकानाची होती तशी माझीही होती, कारण पट्टी घालताना मी समोर उभा होतो. तुमच्या स्टेमवर २५.४, २६.० किंवा ३१.८ यांपैकी कोणता आकडा कोरलेला आहे ते वाचा आणि हँडल त्याच आकड्याचे घ्या. आकडा पुसला असेल तर व्हर्नियर कॅलिपरने मोजून घ्या. त्याच पैशांत जुळणारा स्टेमही घ्यावा लागणार असेल, तर तो खर्च आधीच धरून चला.

तर मग माप कोणते? माझा कौल ३७ ला आहे. तुमच्या कोचचे म्हणणे जुन्या पठडीचे असले, तरी तुमच्या कामासाठी ते बरोबर आहे. तुम्ही फक्त फ्लाइंग २०० आणि स्प्रिंट खेळत असता, तर मी ३५ सुचवले असते. तुम्ही सुटणारी आहात, म्हणून ४० वरून ३७ हा बदल पुरेसा आहे: खांद्यांइतके माप, कोपर आत घ्यायला वाव, नियमाच्या मर्यादेपासून भरपूर अंतर आणि तरफेचे नुकसान आठ टक्क्यांपर्यंतच. ३३ चा विचार तुम्ही सोडून द्यावा.

३५ ला मी एक संधी देतो. कोणाकडून ते उसने मिळाले तर एकाच आठवड्यात, एकाच गिअरवर, दोन दिवस चाचणी घ्या. एका दिवशी आधी ३७ किंवा तुमचे ४०, मग ३५. दुसऱ्या दिवशी उलट क्रम, म्हणजे थकव्याचा दोष एकाच हँडलाच्या माथी येणार नाही. प्रत्येक हँडलावर तीन उभ्या सुरुवाती, अर्ध्या फेरीपर्यंत. एक मोबाइल सुटण्याच्या रेषेवर पुढून आणि एक अर्ध्या फेरीच्या रेषेवर आडवा लावा. चित्रफीत सेकंदाला ६० चौकटींची असेल तर वेळ साठाव्या भागापर्यंत वाचता येते. ३५ वर अर्ध्या फेरीची वेळ तीनपैकी तिन्ही वेळा तेवढीच राहिली, पुढचे चाक सरळ गेले आणि आलेख कागदावर ३७ पेक्षा चौकोन खरोखर कमी भरले, तर ३५ घ्या. यातले एक जरी झाले नाही तर ३७.

बसवताना ड्रॉपच्या खोलीकडे आणि आकाराकडेही लक्ष द्या. खऱ्या स्प्रिंट हँडलाचा वरचा भाग मध्यापासूनच खाली उतरत जातो, म्हणून सुटताना अंग पुढे टाकले तरी मनगटाची आतली बाजू वरच्या नळीवर आपटत नाही. रस्त्याच्या सायकलचे अरुंद हँडल स्वस्तात मिळते म्हणून लावले, तर पहिल्याच सरावात मनगटांवर काळेनिळे वळ उठतील. हँडल अरुंद झाल्यावर उभे राहून पेडल मारताना गुडघा कोपराला लागत असेल, तर पाच किंवा दहा मिलिमीटर लांब स्टेम लागतो. म्हणून जुना स्टेम विकण्याची घाई करू नका.

नवे हँडल बसल्यावर पहिले दोन आठवडे फक्त उभ्या सुरुवाती आणि संथ फेऱ्या करा, प्रतिस्पर्ध्यासोबतचा सराव त्यानंतर. पहिल्या सरावानंतर स्टेमचे बोल्ट पुन्हा एकदा तपासा, आणि टेप गुंडाळण्याआधी हँडलावर स्टेमच्या कडेशी पेन्सिलची एक बारीक खूण करून ठेवा. प्रत्येक सरावानंतर ती खूण जागेवर आहे का, हे पाहायला पाच सेकंद पुरतात.